ओळखीचा नंबर, ओळखीचा आवाज आणि आपली पत



रविवारच्या व्हिडिओत आपण एआय आणि सोशल मीडियामुळे बाजार आणि माणसं कशी बदलतायत हा विषय घेतला होता. चौदा मिनिटांत जेवढं बसलं तेवढं तिथे सांगितलं. सविस्तर धडा आता इथे. वही-पेन जवळ ठेवा, शेवटी गृहपाठ आहे.

या विषयावर बोलणारे बहुतेक लोक दोनच गोष्टी सांगतात. एक म्हणजे "एआय सगळ्यांच्या नोकऱ्या खाणार". दुसरी म्हणजे "एआय शिका आणि घरबसल्या महिन्याला लाख रुपये कमवा". दुसऱ्या गटाचे तर हॉटेलच्या हॉलमध्ये सेमिनार भरतात, आणि फी आधी घेतात. (मीही ट्रेनिंग देतो, त्यामुळे जास्त बोलत नाही.) पण दुकानाच्या गल्ल्यावर बसून बघितलं तर मला या दोन्हींपेक्षा वेगळीच गोष्ट मोठी वाटते. ती म्हणजे पत.

पत कशावर चालते?

बीबीएला असताना आम्हाला 'गुडविल' शिकवलं होतं. ताळेबंदात कुठे दाखवायचं, मूल्य कसं काढायचं वगैरे. दुकानात बसल्यावर कळलं की मोंढ्यात त्यालाच पत म्हणतात, आणि ती ताळेबंदात मावत नाही.

माझं भांड्यांचं दुकान आहे. लग्नसराईत आंदणाची भांडी, एरवी कुकर, मिक्सर, डबे. नांदेड शहराचं गिऱ्हाईक निम्मं, आजूबाजूच्या खेड्यांचं निम्मं. खेड्याकडचा व्यवहार कसा चालतो ते तुम्हाला सांगायला नको. फोन येतो, "मामा, मी अमुक गावचा. मोठ्या बहिणीच्या लग्नाला तुमच्याकडूनच भांडी नेली होती. पोराला पाठवतोय, चार-पाच हजाराचं सामान द्या, सोयाबीन निघालं की देतो." आवाज ओळखीचा असतो. पोरगा येतो, त्याचा चेहरा बापावर गेलेला असतो. सामान जातं, वहीत नाव चढतं. लातूरच्या गंजगोलाईत, आपल्या वजिराबादेत, जुन्या मोंढ्यात पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललंय. ना चेक, ना आधार कार्ड, ना सही.

नीट बघा, या व्यवहारात खात्री तीन गोष्टींवर उभी आहे: ओळखीचा चेहरा, ओळखीचा आवाज, आणि ओळखीच्या माणसाने टाकलेला शब्द ("हा माझ्या साडूचा पोरगा आहे, देऊन टाका").

माझं म्हणणं एवढंच आहे की या तिन्ही गोष्टी गेल्या दहा वर्षांत एकामागून एक पोखरल्या गेल्या. तिसरी सोशल मीडियाने पोखरली, पहिल्या दोन एआयने. आणि याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. ती कोणाला पडते, ते पुढे येईल.

धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा

१ जुलै २०१८. रविवार, बाजाराचा दिवस. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचं छोटं गाव आहे. त्या आठवड्यांत महाराष्ट्रभर मोबाइलवर मेसेज फिरत होते की मुलं पळवणारी टोळी आलीय, अनोळखी माणूस दिसला तर सावध राहा. नांदेड-लातूरकडेही असे मेसेज आलेले तुमच्यापैकी अनेकांना आठवत असतील. त्या दिवशी राईनपाड्यात पाच माणसं आली होती, नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातली. बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातली. गावोगाव फिरून भिक्षा मागणं हा त्यांचा पिढीजात जगण्याचा मार्ग. लोकांना संशय आला, जमाव जमला, आणि ग्रामपंचायतीच्या कार्यालयात त्या पाचही जणांना मारहाण करून ठार करण्यात आलं.

ही घटना मी प्रत्येक बॅचला सांगतो. काहींना वाटतं, व्यवसायाच्या क्लासमध्ये हे कशाला? कारण आपल्या विषयाचं मूळ इथेच आहे.

त्या मेसेजचा रस्ता डोळ्यासमोर आणा. मेसेज मुळात कोणी लिहिला हे वाचणाऱ्या कोणालाच माहीत नसतं. पण तो आपल्याला कोणी पाठवला हे प्रत्येकाला माहीत असतं: मेहुण्याने, शेजारच्या दुकानदाराने, भिशीच्या ग्रुपवरच्या काकांनी. आपण मजकुरावर विश्वास ठेवत नाही, आपण पाठवणाऱ्यावर ठेवतो. काकांनी कधी आपल्याला फसवलं नाही, म्हणून काकांचा फॉरवर्डही खरा. काकांनाही तो त्यांच्या ओळखीच्या माणसानेच पाठवलेला असतो. साखळीतला प्रत्येक माणूस प्रामाणिक असू शकतो आणि तरी मेसेज साफ खोटा असू शकतो. ओळखीच्या माणसाचा शब्द म्हणजे खात्री, ही आपली जुनी रीत. त्या रीतीत शब्द देणारा स्वतः जबाबदार असायचा. साडूच्या पोराने पैसे बुडवले तर साडूला विचारता यायचं. फॉरवर्ड करणाऱ्याला कोण विचारणार? तो म्हणतो, "मला आलं म्हणून मी पाठवलं."

तेव्हा देशभर असे बळी गेले होते. त्या काळात फिरलेल्या एका व्हिडिओत मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावरून मूल उचलून नेताना दिसत होते. तो मुळात पाकिस्तानातल्या कराचीमध्ये मुलांच्या सुरक्षिततेसाठी बनवलेला जागृतीचा व्हिडिओ होता. शेवटी मूल परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात, तो भाग कोणीतरी कापून टाकला होता. म्हणजे एआय नव्हतं, महागडं सॉफ्टवेअर नव्हतं, फक्त कात्री होती.

राईनपाड्यानंतर जुलै २०१८ मध्येच व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली, मेसेजवर 'फॉरवर्डेड' अशी खूण यायला लागली. जानेवारी २०१९ पासून पाचची मर्यादा जगभर लागू झाली. आणि एप्रिल २०२० मध्ये, कोरोनाच्या काळात, जो मेसेज आधीच पाच किंवा जास्त हातांतून फिरलाय तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं झालं. त्या मेसेजवर दोन बाण दिसतात. आज घरी गेल्यावर आई-वडिलांना हे दोन बाण दाखवा. अनेकांनी ते रोज बघितलेले असतात, अर्थ कोणी सांगितलेला नसतो.

भावाचा मेसेज

आता हाच प्रकार रोजच्या बाजारात बघा. लातूर बाजार समितीचा सोयाबीनचा भाव सकाळी-दुपारी मोबाइलवर फिरतो. फोटो असतो, आकडा असतो, तारीख बऱ्याचदा नसते. शिवाय "पुढच्या महिन्यात भाव इतक्यावर जाणार" असले मेसेज. त्यावर विसंबून शेतकरी माल घरात ठेवतो किंवा घाईत काढतो. तुम्ही म्हणाल, आम्ही भांडी-कपडे-किराणा विकतो, आम्हाला काय? अहो, आपली उधारीची वसुली त्या सोयाबीनवर आहे! त्याने माल धरून ठेवला की आपली वही दिवाळीपर्यंत मोकळी होत नाही.

राज्याच्या कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजार समितीनिहाय आवक आणि भाव तारखेसह मिळतात. मोबाइलवर उघडायला दोन मिनिटं लागतात. मी माझ्या दुकानातल्या पोराला हे शिकवलंय. खेड्यातलं गिऱ्हाईक आलं की चहा येईपर्यंत तो त्यांना भाव काढून दाखवतो. यात माझा एक रुपयाही खर्च होत नाही. आणि गिऱ्हाईक पुन्हा येतं, हे वेगळं सांगत नाही.

चेहरा आणि आवाज

जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर यांचा एक व्हिडिओ फिरला. त्यात ते एका गेमिंग ॲपची जाहिरात करतायत, आपली मुलगी त्यातून पैसे कमावते असं सांगतायत. चेहरा त्यांचा, आवाज त्यांच्यासारखा. १५ जानेवारीला त्यांनी स्वतः जाहीर केलं की हा व्हिडिओ बनावट आहे. एप्रिल २०२४ मध्ये नॅशनल स्टॉक एक्स्चेंजला सांगावं लागलं की आमच्या प्रमुखांचे शेअर सुचवणारे व्हिडिओ खोटे आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये खुद्द रिझर्व्ह बँकेला आपल्या गव्हर्नरांच्या नावाने फिरणाऱ्या बनावट व्हिडिओंबद्दल सावध करावं लागलं. ज्यांची सही आपल्या नोटेवर असते त्यांचाच चेहरा खोटा बनतोय, तिथे तुमचं-माझं काय!

हे होतं कसं? आवाजाचं सांगतो, कारण दुकानदाराला त्याचाच जास्त धोका आहे. संगणकाला हजारो तासांचं बोलणं ऐकवून माणूस बोलतो कसा हे आधी शिकवलेलं असतं. मग एखाद्या माणसाच्या आवाजाचा छोटा नमुना दिला की तो त्या आवाजात हवं ते वाक्य बोलून दाखवतो. जानेवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी जे तंत्र मांडलं त्याला नमुना फक्त तीन सेकंदांचा पुरत होता. तेव्हा ते इंग्रजीपुरतं होतं, आता मराठी-हिंदीत आवाज तयार करणारी साधनंही आहेत. आणि तीन सेकंदांचा नमुना मिळवायला कोणाला चोरी करायची गरज नाही. "नमस्कार मंडळी, आपल्या दुकानात नवीन स्टॉक आलाय" असं रीलमध्ये आपणच रोज बोलतो. माझा तर चॅनलवर तासन्‌तास आवाज पडलाय. म्हणून आमच्या घरात आणि दुकानात आम्ही परवलीचा शब्द ठरवलाय. पैशाचा फोन आला की समोरच्याने तो शब्द सांगायचा, मग तो मी असो नाहीतर माझी आई. (तो शब्द इथे लिहीत नाही, हे समजून घ्या.)

आवाजाच्या बाबतीत न्यायालयं जागी झाली आहेत. गायक अरिजित सिंग यांना जुलै २०२४ मध्ये आणि आशा भोसले यांना २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने संरक्षण दिलं. परवानगीशिवाय एआयने त्यांच्या आवाजाची नक्कल करून वापरता येणार नाही, असं. चांगलंच झालं. पण अर्धापूरच्या केळीच्या व्यापाऱ्याच्या आवाजात त्याच्या मुनिमाला कोणी फोन केला, तर तो उच्च न्यायालयात जाईपर्यंत पैसे तीन खात्यांतून फिरून गेलेले असतील. मोठ्या माणसाकडे वकील आहे. आपल्याकडे फक्त पद्धत असू शकते. ती आधीच बसवून ठेवायला लागते.

पद्धत अशी. एक, आवाज ऐकून पैसे किंवा माल सोडायचा नाही. फोन ठेवायचा आणि आपल्या वहीत आधीपासून लिहिलेल्या नंबरवर आपण उलटा फोन लावायचा. ज्या नंबरवरून आला त्याच नंबरवर नाही. दोन, पैसे आल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. खोटा स्क्रीनशॉट बनवून देणारी ॲप्सच निघालीत. आपला साउंडबॉक्स बोलला किंवा आपल्या बँकेच्या ॲपमध्ये रक्कम दिसली, तरच जमा. लग्नसराईच्या गर्दीत साउंडबॉक्स नीट ऐकू येत नाही, तेव्हा गल्ल्यावरच्या माणसाने मोबाइल बघूनच पिशवी सोडायची. तीन, पैसे घ्यायला पिन लागत नाही. "पैसे पाठवतोय, पिन टाका" म्हणणारा चोरच. एकाने दुसऱ्याकडे यूपीआयवर पैसे मागण्याची 'कलेक्ट रिक्वेस्ट' सोय ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, कारण तिचा असाच गैरवापर होत होता.

सल्ला देणारं यंत्र

आता एआयची दुसरी बाजू. पत्र लिहायचंय, जीएसटीच्या नोटिशीला उत्तर द्यायचंय, कुठली योजना आहे ते बघायचंय, लोक आता चॅटजीपीटीला विचारतात. मीही विचारतो. कामाचं आहे, वेळ वाचतो, यात वाद नाही. पण ते काय आहे हे ओळखून वापरा.

हे यंत्र अफाट मजकूर वाचून एकच गोष्ट शिकलंय: या शब्दानंतर कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त. आपल्या भाषेत सांगायचं तर मोंढ्यातल्या चहाच्या टपरीवर वर्षानुवर्षं बसून सगळ्यांचं बोलणं ऐकलेला गडी. आडत्यासारखं बोलेल, वकिलासारखं बोलेल, सीएसारखं बोलेल. पण हिशोबाची वही त्याने उघडून बघितलेली असेलच असं नाही. आणि "मला माहीत नाही" म्हणायला त्याला जड जातं. त्यामुळे कधीकधी जे अस्तित्वातच नाही तेही तो छातीठोकपणे सांगतो.

मुंबई उच्च न्यायालयात ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेलं एक प्रकरण प्रत्येक व्यापाऱ्याने लक्षात ठेवावं. केएमजी वायर्स नावाच्या कंपनीने आपलं उत्पन्न सुमारे ३ कोटी रुपये दाखवलं होतं. प्राप्तिकर विभागाच्या फेसलेस असेसमेंटमध्ये ते जवळपास २८ कोटी ठरवलं गेलं. त्या आदेशात आधारासाठी जे न्यायनिवाडे दिले होते, त्यातले तीन शोधूनही सापडले नाहीत. कारण ते कुठल्या न्यायालयाने दिलेलेच नव्हते! शिवाय माल पुरवणाऱ्याने विभागाला दिलेलं उत्तरही विचारात घेतलं गेलं नव्हतं. न्यायालयाने आदेश रद्द करून प्रकरण नव्याने ऐकायला परत पाठवलं. आणि स्पष्ट बजावलं की एआयच्या जमान्यात यंत्राने दाखवलेल्या गोष्टीवर माणूस फार विसंबायला लागलाय, पण असे अधिकार वापरताना ती गोष्ट पडताळल्याशिवाय वापरायची नाही.

यात आपल्यासाठी दोन धडे आहेत. नोटीस आली, त्यात मोठमोठी नावं-आकडे असले म्हणून ते खरंच असेल असं धरून घाबरून जायचं नाही. आपल्या सीएला किंवा वकिलाला म्हणायचं, "साहेब, हे निवाडे एकदा उघडून बघा." आणि उलट बाजूने, आपण एआयकडून उत्तर लिहून घेतलं तर त्यातलं प्रत्येक कलम, प्रत्येक तारीख मूळ ठिकाणी बघितल्याशिवाय खाली सही करायची नाही. सही यंत्राची नसते.

कॅनडातलं एक उदाहरण तर आपल्या पाटीवर लिहून ठेवण्यासारखं आहे. एअर कॅनडा या विमान कंपनीच्या संकेतस्थळावरच्या चॅटबॉटने एका गिऱ्हाइकाला घरातल्या मृत्यूनंतरच्या प्रवासाच्या सवलतीबद्दल चुकीची माहिती दिली. कंपनी म्हणायला लागली, चॅटबॉट काय बोलला त्याला आम्ही जबाबदार नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणाने ते मानलं नाही आणि गिऱ्हाइकाला भरपाई द्यायला लावली. आज आपल्याकडेही छोटे दुकानदार व्हॉट्सॲप बिझनेसवर आपोआप उत्तर देणारे बॉट लावतायत. बॉटने "दोन वर्षांची गॅरंटी" म्हटलं आणि कंपनीची एकच वर्षाची असली, तर गिऱ्हाईक यंत्राशी भांडणार नाही. तुमच्या काउंटरवर येईल.

पातेल्याला पंख

थोडं आपल्याच जाहिरातींबद्दल. दसऱ्या-दिवाळीला ग्रुपवर येणाऱ्या पोस्ट बघा. भांड्यांचं दुकान असो, बोअरवेल असो, दवाखाना असो, मजकूर एकच: "आपल्या स्वप्नांना द्या नवे पंख", "जिथे विश्वास आणि गुणवत्ता यांचा होतो सुंदर संगम". अहो, पातेल्याला कशाला पंख? सगळे एकाच यंत्राकडून लिहून घेतायत, त्यामुळे सगळी दुकानं एकाच माणसाची वाटतात. नांदेडचा माणूस असं बोलतो का? "जाड बुडाचं पातेलं, दूध खाली लागत नाही, लोह्याच्या बाजारापेक्षा स्वस्त नसलं तर परत आणा" असं लिहा ना. एआयकडून आकडेमोड करून घ्या, शुद्धलेखन बघून घ्या, पण बोलणं तुमचं ठेवा.

फोटोचं तर मुळीच करू नका. एआयने बनवलेलं लखलखतं भांडं पोस्टवर आणि दुकानात वेगळंच, ही दिशाभूल करणारी जाहिरात झाली. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण अशा जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड करू शकतं. तुमच्या दुकानापर्यंत दिल्लीहून कोणी येईल न येईल, पण लग्नाच्या घरातल्या बाया नक्की येतील, आणि त्या जे बोलतील ते दंडापेक्षा महाग पडतं. मी स्टॉकचे फोटो दुकानातच, ट्यूबलाइटखाली, हातात भांडं धरून काढतो. दिसायला साधे दिसतात. पण एआयच्या गर्दीत आता साधा फोटोच खरा वाटायला लागलाय. हा छोट्या दुकानदाराचा फायदा आहे, तो घ्या.

किंमत कोण मोजतंय?

आता सुरुवातीला राहिलेली गोष्ट. या सगळ्यामुळे बाजार सावध होणार, होतोय. काही दुकानदार म्हणायला लागलेत, "आजपासून उधारी बंद. फोनवर ऑर्डर बंद. आधार दाखवा, ओटीपी सांगा, आधी पैसे टाका." त्यांचं दुःख मला समजतं. पण एकदा वही उघडा आणि बघा यात कोण बाहेर पडतं.

ज्याच्याकडे कार्ड आहे, ईएमआय आहे, त्याचं काही अडत नाही. अडतं कोणाचं? बटणांचा फोन वापरणाऱ्या म्हाताऱ्या शेतकऱ्याचं. ऊसतोडीला सहा महिने बाहेर जाणाऱ्या आणि परत आल्यावर हिशोब चुकता करणाऱ्या कुटुंबाचं. खात्यावर नवऱ्याचं नाव असलेल्या बाईचं. गावोगाव फिरून सुया-पोत-मणी विकणारे, मालासाठी आपल्याकडे येणारे, ज्यांचा पत्ता विचारला तर सांगायला पंचाईत. या लोकांची पत कागदावर कधीच नव्हती. ती चेहरा, आवाज आणि शब्द यावरच होती. यंत्राने नेमक्या याच तीन गोष्टींची किंमत कमी केली. राईनपाड्यात मेलेली माणसंही अशीच होती. अनोळखी गावात जाऊन तिथल्या लोकांच्या भरवशावर जगणारी. मोबाइलने सगळ्या गावाला एकाच वेळी सांगितलं की अनोळखी माणूस म्हणजे चोर.

म्हणून पडताळणी हवीच, पण ती गिऱ्हाइकाचा अपमान करणारी नको, आणि कागद नसलेल्याला दारातून परत पाठवणारी नको. माझ्याकडे काय करतो ते सांगतो, तुमच्या धंद्याप्रमाणे बदला. उधारीच्या प्रत्येक नावासमोर गावातल्या आणखी एका गिऱ्हाइकाचं नाव आणि नंबर लिहून ठेवलाय, दोघांना विचारून. फोनवर मोठी ऑर्डर आली की त्या दुसऱ्याला एक फोन. जुन्या 'शब्द टाकण्या'चीच ही वहीत लिहिलेली आवृत्ती आहे, फक्त आता शब्द टाकणारा फॉरवर्ड करून मोकळा होत नाही, त्याचं नाव वहीत असतं. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांच्याशी मागच्या खरेदीतली खूण ठरलेली असते. "मागच्या वेळी काय नेलं होतं?" हे ज्याने नेलं त्यालाच माहीत असतं, रीलमधून आवाज उचलणाऱ्याला नाही. आणि हे सगळ्यांना विचारायचं, नगरसेवकालाही आणि मजुरालाही. एकालाच विचारलं की तो संशय, सगळ्यांना विचारलं की तो दुकानाचा नियम.

काही घडलंच तर

पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका, ग्रुपवर चर्चाही करत बसू नका. आधी १९३० वर फोन. सायबर फसवणुकीसाठी ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, तक्रार 'सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन'वरही करता येते. तक्रार नोंदली की पैसे ज्या-ज्या खात्यांतून पुढे चाललेत तिथे अडवण्याचा प्रयत्न होतो, म्हणून पहिला तासभर फार मोलाचा. व्यवहाराचा बारा अंकी यूटीआर नंबर, रक्कम, वेळ आणि ज्याला गेले त्याचा यूपीआय आयडी एवढं हाताशी ठेवा. मग आपल्या बँकेला कळवा, जवळच्या पोलीस ठाण्यात जा.

गृहपाठ

या आठवड्यात तीन कामं. दुकानातल्या आणि घरातल्या माणसांना एकत्र बसवून परवलीचा शब्द ठरवा. व्हॉट्सॲपवर लिहायचा नाही, तोंडी सांगायचा. दुसरं, मागच्या महिन्यातल्या आपल्या दुकानाच्या पोस्ट काढा आणि जे वाक्य दुसऱ्या कुठल्याही दुकानाला चालेल त्यावर काट मारा. तिसरं काम जरा वेळखाऊ आहे. उधारीच्या वहीतली दहा नावं अशी काढा ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही. त्या प्रत्येकासमोर लिहा की उद्या त्यांच्या नावाने फोन आला तर तुम्ही खात्री कशी करणार. दहाही नावांसमोर एकच उत्तर येणार नाही. पुढच्या रविवारी लाइव्हमध्ये वही घेऊन बसा, त्यातल्या चार-पाच जणांच्या पद्धती आपण एकेक करून तपासू.